मुरदोलीच्या रस्त्यासाठी घरी बांधलेला डॅशकॅम

गोंदियाहून गोरेगाव मागे टाकून कोहमाऱ्याकडे निघाले की मुरदोलीचे जंगल लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला हा पट्टा वन्यप्राण्यांच्या नेहमीच्या वाटेवर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये इथे रात्री एका कारच्या धडकेने वाघ जबर जखमी झाला आणि उपचारासाठी नागपूरला नेताना वाटेतच दगावला. झाडीकडे सरपटत जाणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. पण धडक कशी झाली, गाडी किती वेगात होती, वाघ कोणत्या बाजूने आला, यातले काहीच त्यात नव्हते. 29 नोव्हेंबर 2024 रोजी गोंदिया-कोहमारा रस्त्यावरच शिवशाही बस उलटली आणि कितीतरी प्रवासी जिवाला मुकले. समोरच्या दुचाकीला वाचवताना बस उलटल्याचे तेव्हा सांगितले गेले. अशा घटनांत आधीचे दहा-पंधरा सेकंद कुणाच्या तरी गाडीत नोंदलेले असले, तर तर्काला जागाच उरत नाही. ही कृती त्या दहा-पंधरा सेकंदांसाठी आहे.

आपल्या जिल्ह्यातला रस्ता कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारा आहे. धानाच्या चुरणीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात अचानक पुढ्यात येतात. डिसेंबर-जानेवारीत बांध्यांवरून आणि बोड्यांवरून धुके रस्त्यावर उतरते. देवरीकडे राष्ट्रीय महामार्ग 53 वर रायपूरच्या ट्रकांची रांग असते, आणि मे महिन्यात उभ्या गाडीच्या आत हात ठेववत नाही. म्हणून मी चार गोष्टींचा आग्रह धरतो. कॅमेऱ्याने उन्हाळा सोसला पाहिजे, रेंज नसतानाही त्याची वेळ बरोबर असली पाहिजे, वीज तुटली तरी शेवटचे मिनिट वाचले पाहिजे आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. चित्र सुंदर दिसते की नाही, हे त्यानंतर.

बाजारात तयार डॅशकॅम मिळतात. नुसते रेकॉर्डिंग हवे असेल तर तोच घ्या, त्यात कमीपणा नाही. ज्याला बिघडलेला एक भाग बदलून बाकीचे चालू ठेवायचे आहे, मूळ फाइल आपल्या ताब्यात हवी आहे आणि डागकाम, वायरिंग, थोडी लिनक्स यांची भीती नाही, त्याने हा घरी बांधावा. जुना मोबाइल काचेला लावण्याचा मार्ग मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. त्यातली लिथियम बॅटरी मेच्या उन्हात फुगते, आणि फुगलेली बॅटरी डोळ्यांसमोर ठेवून गाडी चालवणे धोक्याचे आहे. या संपूर्ण रचनेत घड्याळाचा बटनसेल सोडला तर एकही बॅटरी नाही, ते याच कारणाने.

सामान जमवताना

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू घ्या. ऑक्टोबर 2021 मध्ये 15 डॉलरला बाजारात आलेल्या या छोट्या बोर्डात 512 एमबी मेमरी आहे आणि एच.264 व्हिडिओ तयार करणारा भाग चिपमध्येच आहे. तोच आपल्या कामाचा. ‘नवीन आणि ताकदवान’ म्हणून पाय 5 घेऊ नका. त्यात हा भाग नाही, सगळे काम प्रोसेसरवर पडते आणि बंद डब्यात तो जास्त तापतो.

कॅमेरा म्हणून त्याच कंपनीचा कॅमेरा मॉड्यूल 3 घ्या. हा दोन भिंगांत मिळतो. साध्या भिंगाचा आडवा कोन 66 अंश, रुंद भिंगाचा 102 अंश. सगळे रुंद भिंगाकडे धावतात, कारण चित्रात जास्त रस्ता मावतो. पण थोडे गणित करा. कारची उच्च सुरक्षा नंबरप्लेट 500 मिलिमीटर रुंद असते. गाडी 10 मीटरवर असताना 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात ही प्लेट रुंद भिंगातून जेमतेम 40 पिक्सेलची दिसते, साध्या भिंगातून सुमारे 75 ची. प्लेटवर दहा अक्षरे-आकडे. एकेकाच्या वाट्याला चार पिक्सेल आले तर ‘8’ आणि ‘3’ वेगळे कळणार नाहीत. सात पिक्सेलमध्ये बहुतेक वेळा अंदाज येतो आणि गाडी थोडी जवळ आली की नंबर स्पष्ट वाचता येतो. कडेने घुसणारे रानडुक्कर रुंद भिंगात थोडे आधी दिसेल हे खरे. तरीही समोरच्या काचेसाठी साधेच भिंग घ्या, कारण पळून गेलेल्या गाडीचा नंबर नसेल तर बाकीच्या चित्राचा उपयोग फार थोडा.

रात्रीसाठी इन्फ्रारेड गाळणी नसलेले मॉड्यूलही विकत मिळते. ते टाळा, दिवसा त्यात रंग बिघडतात आणि ‘लाल गाडी होती’ एवढेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही.

आणखी लागणारे सामान असे: झीरो बोर्डाला बसणारी 22 पिनी अरुंद कॅमेरा केबल (पाय 3 किंवा 4 ची रुंद केबल इथे बसत नाही), ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले 128 जीबीचे मायक्रोएसडी कार्ड, डीएस3231 घड्याळ मॉड्यूल आणि त्याचा बटनसेल, 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा गाडीसाठीचा 3 अँपिअरचा कन्व्हर्टर, 12 व्होल्टचा डिले-ऑफ टायमर रिले, पीसी817 ऑप्टोकपलर, 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, दोन फ्यूज टॅप आणि 2 अँपिअरचे फ्यूज, 0.75 चौरस मिलिमीटरची वायर, तीन पिनी लॉक होणारा कनेक्टर, एक बटण, एक एलईडी. सगळे गोंदियात एका दुकानात मिळेल असे धरू नका. बोर्ड, कॅमेरा आणि घड्याळ नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवा. वायर, फ्यूज आणि स्लीव्ह इथल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या.

आधी टेबलावर

गाडीला हात लावण्यापूर्वी सगळे घरात चालले पाहिजे. रास्पबेरी पाय इमेजर वापरून कार्डावर पाय ओएसची ‘लाइट’ आवृत्ती टाका. तिच्यात डेस्कटॉप नसतो, त्यामुळे ती लवकर सुरू होते. वापरकर्त्याचे नाव, घरचे वायफाय आणि एसएसएच हे इमेजरमध्येच भरून ठेवा. हा बोर्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झचे वायफाय ओळखतो, राउटर 5 वर असेल तर तासभर डोके खाजवत बसाल. कार्डाचे दोन भाग करा: प्रणालीसाठी 10-12 जीबी आणि उरलेला सगळा व्हिडिओसाठी वेगळा विभाग, ईएक्सटी4 पद्धतीने.

रेकॉर्डिंगसाठी पाय ओएसमध्ये आरपीकॅम-व्हिड हा प्रोग्रॅम आधीच असतो. त्याला सांगायच्या गोष्टी अशा: आकार 1920 गुणिले 1080, सेकंदाला 30 चौकटी, बिटरेट सेकंदाला 8 मेगाबिट, वेळेची मर्यादा शून्य म्हणजे बंद करेपर्यंत चालू, आणि दर 60 सेकंदांनी नवी फाइल. फाइल तुकड्यांत पाडायची असेल तर ‘इनलाइन’ हा पर्यायही चालू ठेवावा लागतो, नाहीतर पहिल्यानंतरच्या फाइली उघडत नाहीत. साठवण एमपी4 मध्ये करू नका. एमपी4 ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते आणि वीज मध्येच गेली तर सगळी फाइल निकामी होते. एमपीईजी-टीएस किंवा निव्वळ एच.264 प्रवाह मात्र जिथे तुटला तिथपर्यंत दिसतो. धडकेत बॅटरीची वायरच तुटली, तर हाच फरक कामाला येईल.

ऑटोफोकस बंद करा आणि भिंगाची स्थिती शून्यावर, म्हणजे अनंतावर, पक्की करा. तसे न केल्यास रोवणीच्या पावसात कॅमेरा काचेवरच्या थेंबावर फोकस धरतो आणि रस्ता पुसट होतो. एक्स्पोजरसाठी ‘स्पोर्ट’ पद्धत निवडा, तिने शटर जलद राहते. उजळपणा अर्ध्या ते एक टप्प्याने खाली घ्या. हेडलाइट पडला की नंबरप्लेट चकाकते आणि आकडे पांढऱ्यात विरून जातात. चित्र थोडे काळपट राहिले तर ते टिकतात.

8 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 1 एमबी, तासाला 3.6 जीबी. 110 जीबी जागेत साधारण 30 तास मावतात. जागा 90 टक्के भरली की सर्वांत जुनी फाइल पुसणारी छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवा. बटण दाबले की चालू फाइल, आधीच्या दोन आणि नंतरची एक ‘राखीव’ फोल्डरमध्ये जावी आणि ती स्क्रिप्ट या फोल्डरला कधीच हात लावणार नाही, असे करा. त्याच वेळी राखीव फाइलचा एसएचए-256 हॅशही काढून शेजारच्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. त्याचे कारण शेवटी येते. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम सिस्टिमडीच्या सेवेतून सुरू करा, म्हणजे तो कोसळला तर आपोआप पुन्हा उभा राहील.

एलईडी कशाला जोडायची, हेही महत्त्वाचे. ‘वीज आहे’ एवढेच दाखवणारा दिवा फसवा. गेल्या काही सेकंदांत चालू फाइलचा आकार वाढला असेल तरच पेटणारा दिवा हवा.

वेळ

झीरो 2 डब्ल्यूमध्ये स्वतःचे घड्याळ नाही. घरी वायफाय असते तेव्हा तो इंटरनेटवरून वेळ घेतो. गाडीत इंटरनेट नाही आणि जंगलाच्या पट्ट्यात मोबाइलचीही रेंज जाते. मग शेवटच्या वेळी बंद झाला तिथूनच तो मोजायला लागतो आणि रात्रीच्या अपघातावर आदल्या दुपारची वेळ पडते. समोरच्या वकिलाला याहून जास्त काही लागत नाही. डीएस3231 मॉड्यूल बोर्डाच्या आय-टू-सी पिनांना जोडा, कॉन्फिग फाइलमध्ये आरटीसीची ओळ घाला, एकदा इंटरनेटवरून वेळ लावून ती मॉड्यूलमध्ये लिहा. हे घड्याळ वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते. फाइलच्या नावात तारीख आणि सेकंदांपर्यंतची वेळ येऊ द्या.

जीपीएस मॉड्यूल जोडले तर जागा आणि वेगही नोंदता येतो. जोडायचे तर ते कॅमेरा केबलपासून दूर ठेवा, कारण केबलमधली खरखर उपग्रहाचा कमजोर संदेश झाकून टाकते. आपला स्वतःचा वेग जास्त असेल तर तोही नोंदला जाईल, आणि मला तो नोंदला जावा असेच वाटते.

हे सगळे चालले की प्रणालीचा विभाग ‘ओव्हरले’ करून केवळ-वाचन स्थितीत टाका. रास्पी-कॉन्फिगच्या परफॉर्मन्स विभागात हा पर्याय आहे. मग वीज कशीही गेली तरी प्रणाली बिघडत नाही, लिहिले जाते ते फक्त व्हिडिओच्या विभागात. पुढे काही बदलायचे असेल तेव्हा आधी ओव्हरले काढायला विसरू नका.

वीज

घरचे डॅशकॅम बंद पडतात ते बहुधा विजेपायी. चाबी फिरवताच वीज तुटली तर कार्ड हळूहळू खराब होते. कायम वीज दिली तर चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते. म्हणून दोन तारा घ्या. एक कायम वीज असलेल्या फ्यूजवरून, दुसरी चाबी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून. कायम तार टायमर रिलेतून कन्व्हर्टरकडे जाते. चाबीची तार त्या रिलेला चालू ठेवते, आणि तिची एक शाखा 2.2 किलोओहममधून ऑप्टोकपलरला जाऊन पायला ‘चाबी बंद झाली’ एवढे कळवते. पायची पिन 3.3 व्होल्टच्या वर सोसत नाही, त्यामुळे 12 व्होल्टची तार तिला थेट लावायचा मोह झाला तरी लावू नका.

चाबी बंद झाल्यावर पायने 20 सेकंद थांबावे, मग फाइल बंद करून स्वतः बंद व्हावे. रिले 90 सेकंदांवर लावा, त्यानंतर तो सगळी वीज तोडतो. 20 सेकंदांची सवलत गाडी अडखळून बंद पडली आणि लगेच पुन्हा सुरू केली तर उपयोगी पडते. रेल्वे फाटकावर त्याहून जास्त थांबलात आणि 90 सेकंद व्हायच्या आत गाडी सुरू केलीत, तर पाय झोपलेलाच राहू शकतो. निघताना दिव्याकडे पाहा; पेटला नसेल तर चाबी बंद करून दोन मिनिटे थांबा.

फ्यूज निवडताना मल्टिमीटर हातात घ्या. चाबी बंद असतानाही 12 व्होल्ट दाखवतो तो कायम, आणि ॲक्सेसरीवर आल्यावरच दाखवतो तो चाबीचा. आतल्या दिव्याचा आणि चार्जिंग सॉकेटचा फ्यूज साधारणपणे सोयीचा पडतो. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला हात लावू नका. फ्यूज टॅप बसवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अर्थ रंग नसलेल्या, बॉडीला भिडलेल्या बोल्टवर थिंबल लावून कसा. गाडी वॉरंटीत असेल आणि फ्यूज बॉक्सला हात लावायची धास्ती वाटत असेल, तर चार्जिंग सॉकेटवरून वीज घ्या. मग टायमरची सोय मिळणार नाही, पण केवळ-वाचन प्रणाली आणि टीएस फाइल यांच्या जोरावर काम निभते. पेचाने व्होल्टेज लावायचे स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका. आपल्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनी तो पेच सरकू शकतो, आणि 5 व्होल्टच्या जागी 7 आले तर बोर्ड गेला.

डबा आणि काच

कन्व्हर्टर, रिले आणि ऑप्टोकपलर डॅशबोर्डच्या खाली, सावलीत बसवा. वर काचेजवळ फक्त पाय आणि कॅमेरा असलेला छोटा डबा. दोन्हींमध्ये तीन तारा: 5 व्होल्ट, अर्थ आणि चाबीचा संदेश. वरच्या टोकाला लॉक होणारा कनेक्टर लावा, म्हणजे डबा क्षणात निघतो. ही चैन नव्हे. कॅमेरा मॉड्यूल 3 ची चालू असतानाची मर्यादा 50 अंशांची आहे. बाहेर 45 असताना उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त होते. एप्रिल ते जून दुपारी गाडी उघड्यावर ठेवत असाल तर डबा काढून पिशवीत टाका.

डबा थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलएमध्ये नको, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. एबीएस किंवा एएसए सांगा. ते जमत नसेल तर विजेच्या दुकानातला एबीएसचा छोटा जंक्शन बॉक्स घ्या, खाली-वर हवेसाठी भोके पाडा आणि चिपवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवा. काचेकडची बाजू मॅट काळी करा, नाहीतर डब्याचेच प्रतिबिंब चित्रात येते. डॅशबोर्ड चकाकत असेल तर त्यावर काळे जाड कापड अंथरा.

जागा आरशाच्या डाव्या मागच्या बाजूला, वायपर फिरतो त्या भागात, चालकाच्या नजरेआड. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, व्हीएचबी टेपने डब्याचा ब्रॅकेट दाबून चिकटवा आणि वजन लटकवण्याआधी पूर्ण दिवस जाऊ द्या. रबरी सक्शन कप मेमध्ये गळून पडतो. चित्रात क्षितिज मध्याच्या किंचित वर आणि बॉनेटची थोडीशी कड दिसेल असा कोन ठेवा. वायर छताच्या अस्तरात खोचत डाव्या खांबाकडे न्या. खांबात पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून कधीच नाही. खात्री नसेल तर एवढे काम गाडीच्या वायरिंगवाल्याकडून करून घ्या.

चाचणीसाठी रात्री कोहमाऱ्यापर्यंत जाऊन या. घरी आल्यावर तीन गोष्टी तपासा: फाइलींच्या नावातली वेळ, दोन फाइलींच्या सांध्यावर चित्र तुटते का, आणि समोरून गेलेल्या किती गाड्यांचे नंबर वाचता येतात. चिपचे तापमान 80 च्या जवळ जात असेल तर डब्याला आणखी भोके हवीत.

काही घडलेच तर

पहिले काम जखमींचे. 112 लावा, महामार्गावर असाल तर 1033, प्राणी जखमी असेल तर वन विभागाचा 1926. त्यानंतर बटण दाबा. घरी पोचल्यावर कार्ड पुन्हा वापरू नका, ते तसेच काढून ठेवा आणि नवे घाला.

आता हॅशबद्दल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश नोंदवायचा असतो. प्रमाणपत्राचा हा आग्रह जुन्या कायद्यातही होता. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये निकाल दिला की मूळ यंत्र स्वतः हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. बटण दाबताच काढलेला हॅश तुमच्याकडे असला, तर फाइल नंतर बदलली नाही हे दाखवायला मोठा आधार मिळतो. फाइल कापू नका, तिच्यावर मजकूर टाकू नका. पोलिसांना प्रत देताना पोच घ्या.

नंबर मिळाला की काय बदलते, हे आकड्यांत पाहा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खालची ठरावीक भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून ती मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये आहे. गाडी सापडली तर कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, गेलेल्या माणसाचे वय, कमाई आणि अवलंबून असलेली माणसे पाहून ठरणाऱ्या भरपाईचा दावा मांडता येतो. साध्या भिंगाचा आग्रह मी धरला तो यासाठी.

वाघ, बिबट किंवा अस्वल रस्ता ओलांडताना दिसले तर ती फाइल जागा-वेळेसह समाजमाध्यमावर टाकू नका. गर्दी जमते, आणि शिकाऱ्यालाही ठिकाण कळते. वन विभागाला मात्र जरूर द्या. प्राणी नेमके कुठून ओलांडतात याच्या नोंदी साठल्या, तर गतिरोधक कुठे हवा आणि भुयारी वाट कुठे हवी हे सांगायला आधार मिळतो.

देखभाल थोडीच. आठवड्याला काच आतून पुसा, महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर पायची वेळ मोबाइलशी जुळवून पाहा आणि कुठलीही एक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. रोज गाडी चालवत असाल तर कार्ड वर्षभरात बदला.